चिमटीचे सहा दिवस

मंगळवार, ता. ११

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार घालायला गुडघे राजी नाहीत. आठ वर्षं एक फूट उंचीच्या खुर्च्यांवर बसून जमिनीकडे जाण्याचा त्यांचा उत्साह संपला आहे. तेव्हा उभ्यानेच केलेला नमस्कार गोड मानून घे.

घरी सगळं ठीक. हिची पाठ पूर्ववत झाली, त्याबरोबर तक्रारीही पूर्ववत झाल्या. चिरंजीव अभ्यासाला बसलेले असतात असं ते स्वतः सांगतात. आम्ही पाहतो तेव्हा आडवे असतात. भाऊजींना विचारलं म्हणून सांग.

फोन न करता पत्र का, असं मनात आलं असेल. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. लहानपणापासून बघतोय, माझं क्रियापद यायच्या आधी तुला मुद्दा कळलेला असतो आणि तो चुकीचाही ठरलेला असतो. कागदावर निदान पूर्णविरामापर्यंत जाता येतं.

तर मुद्दा असा की मी तुझ्यावर रागावलो आहे. पहिल्यांदा ‘किंचित खिन्न’ असं लिहिलं होतं. ते खोडून ‘व्यथित’, मग ‘क्षुब्ध’. बाबांनी घोकून घेतलेले सगळे समानार्थी शब्द संपले तेव्हा लक्षात आलं, मी साधा, घरगुती अर्थाने रागावलो आहे. कालपासून हिच्याशीसुद्धा नीट बोललेलो नाही, आणि तिचा या प्रकरणाशी काहीही संबंध नाही.

आधी तुझ्या तक्त्यांबद्दल. तू मुख्य पर्यवेक्षिका झालीस, दोनशे बालवाड्या तुझ्या हाताखाली आल्या, आम्हाला आनंद झाला. या सत्रापासून तुझे तक्ते आले, तेव्हा आनंद थोडा आवरता घेतला. एका मुलाच्या रोज बेचाळीस चौकटी. माझ्या वर्गात तेवीस मुलं. नऊशे सहासष्ट झाल्या. मुलं साडेबाराला जातात आणि एक वाजून दहा मिनिटांनी मावशी बादली घेऊन दारात उभ्या राहतात, ‘काका, पाय वर घ्या.’ म्हणजे चाळीस मिनिटं. अडीच सेकंदांना एक चौकट. ‘कुतूहल दाखवते’ याला अडीच सेकंद. ‘भावनांवर ताबा ठेवते’ याला अडीच सेकंद. मला पन्नासाव्या वर्षी स्वतःच्या भावनांबद्दल ही चौकट भरायला सांगितलीस तर दिवस लागेल, आणि उत्तर फुलीच येईल.

परवाच्या परिषदेत माझ्या वर्गाचे तक्ते तू मोठ्या पडद्यावर दाखवलेस म्हणे. एकही चौकट रिकामी नाही, कुठे खाडाखोड नाही, ‘हा आदर्श वर्ग’ असं म्हणालीस, आणि तो तुझ्या सख्ख्या भावाचा आहे हे कुणाला सांगितलं नाहीस. आमच्या मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, भर जेवणाच्या सुट्टीत मला ही वार्ता दिली आणि मी लाजलो. कशाने लाजलो ते सोड.

तुला तो पहिला आठवडा आठवतो का? वीस वर्षं मिशा फुटलेल्या मुलांना व्याकरण शिकवून मी कंटाळलो होतो. तू म्हणालीस, ‘तू छतावर काम करतोयस. खाली ये, पाया भरायला माणसं लागतात.’ आणि खाली आणून मला काय शिकवायला लावलंस? काहीच नाही. एका बुटक्या स्टुलावर बसवलंस, हातात कोरी वही दिलीस आणि सांगितलंस, या एका मुलाकडे वीस मिनिटं बघ. मी लिहिलं, ‘मुलगा हट्टी आहे.’ तू ते पेन्सिलने खोडलंस. ‘हट्टी कुठे दिसला तुला? तू काय पाहिलंस ते लिही.’ मी लिहिलं, ‘त्याने उजवा बूट काढू दिला नाही. तीनदा.’ तू म्हणालीस, ‘आता का ते शोध.’ बुटात खडा होता, आणि तो त्याला जपायचा होता. त्या दिवशी मला वाटलं, वीस वर्षांत मी एकाही विद्यार्थ्याकडे पाहिलेलं नाही.

त्याच बाईंनी हे तक्ते काढले यावर माझा विश्वास बसत नाही. तूच आहेस ना? सही तरी तुझीच आहे.

आता चिमटी. खरं नाव तुझ्या फायलीत आहे. आमच्याकडे ती चिमटी, कारण रोज मुठीत कपडे वाळत घालायचा एक चिमटा घेऊन येते. आई लाँड्रीत इस्त्री करते, घरी चिमट्यांना तोटा नाही. वय चार वर्षं दोन महिने. गोलात बसवून विचारावं, ‘आज कोणता वार?’ तर ती चिमटा उघडते आणि मिटते. ‘हा रंग कोणता?’ उघडते आणि मिटते. तुझ्या तक्त्यात याला ‘प्रतिसाद नाही’ असं म्हणतात.

हीच मुलगी हात धुवायच्या जागी मावशींशी काय बोलते ते ऐक. ‘हा रुमाल फौजदारचा. याला वास येतो. याला उन्हात घाला.’ (फौजदार ही तिची मैत्रीण. वय साडेचार, स्वभाव नावाप्रमाणे.) तीन वाक्यांत तपासणी, निदान आणि उपचार. तुझ्या थोरल्याला डॉक्टर होऊनसुद्धा इतकं थोडक्यात सांगता येत नाही. पण हात धुवायच्या जागेची चौकट तुझ्या तक्त्यात नाही. भाषेच्या रकान्यात फक्त ‘गोलात विचारलेल्या प्रश्नांना उत्तर’.

आणि तुझा नियम असा की त्या रकान्यात सलग तीस दिवस ‘प्रतिसाद नाही’ आलं, तर मुलाला इथून काढून विशेष शाळेत पाठवायचं. त्या शाळेबद्दल माझं काही म्हणणं नाही. मी पाहिली आहे. ज्या मुलांना तिची गरज आहे त्यांच्यासाठी ती उत्तम आहे, आणि तिथल्या बाई माझ्याहून शहाण्या आहेत. पण चिमटी बोलते! बोलणाऱ्या मुलीला बोलत नाही म्हणून दोन बस बदलून गावाच्या दुसऱ्या टोकाला पाठवायचं, सातला कामावर हजर व्हायचं असतं त्या आईने रोज तिला पोचवायचं, आणि फायलीवरचा शिक्का तिच्यामागे पहिलीत, दुसरीत, जाईल तिथे जात राहणार. हे कसलं पाया भरणं?

शुक्रवारच्या बैठकीत तू टेबलाच्या मधोमध होतीस. शेजारी मोठ्या बाई, त्यांच्या शेजारी ते समुपदेशक, जे बोलण्याआधी पेनाचं टोपण काढतात आणि बोलून झाल्यावर लावतात. या टोकाला मी. समोर एकटी चिमटीची आई, लाँड्रीचा निळा अंगरखा घालून, सुट्टी मिळाली नसणार. तू तीस दिवसांचा कागद वाचलास. ती म्हणाली,

‘मॅडम, पण गेल्या महिन्यात वीस तारखेपासून सहा दिवस ती इथे नव्हती. मला ताप होता. मी तिला माझ्या आईकडे ठेवलं होतं.’

तू कागद बघितलास. सहाही दिवस हजर. सहाही दिवस ‘प्रतिसाद नाही’. आणि तू चष्मा काढून, अगदी मायेने म्हणालीस, ‘अहो, आमच्या नोंदी रोजच्या रोज होतात. तापात तारखांचा गोंधळ होतो, साहजिक आहे.’

‘गोंधळ नाही मॅडम.’

‘होतं असं. आईच्या मनाला मान्य करणं जड जातं.’

ताई, ही मायेची भाषा तुला कुणी शिकवली? ओरडली असतीस तर चाललं असतं. ती बाई उलट ओरडली असती, तिचा आवाज चांगला आहे. पण तू इतक्या हळुवारपणे तिला सांगितलंस की तुझी मुलगी कुठे होती हे तुझ्यापेक्षा आमच्या कागदाला जास्त माहीत आहे. मग तिने माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याच्या बाटलीवरचं लेबल वाचत होतो. दोन्ही बाजूंनी वाचलं.

तू म्हणशील, नोंद आहे ना? आहे. पण नोंद माणूस करतो. समज, दुपारी एखाद्या शिक्षकाच्या डोळ्यांपुढे चौकटी नाचत असतील. समज, त्याने मुलांकडे न पाहता दारावरच्या हजेरीच्या कार्डांकडे पाहून तक्ता भरला. समज हं. दोनशे बालवाड्यांत असं कुठे ना कुठे होतच असणार, एवढंच माझं म्हणणं आहे.

सोमवारी, सतरा तारखेला, निर्णयावर सह्या व्हायच्या आहेत. माझी मागणी साधी आहे. वीस तारखेपासूनचे ते सहा दिवस बाजूला ठेव. ते निघाले की ‘सलग’ उरत नाही, आणि सलग उरलं नाही की नियम लागू होत नाही. शोधून बघ, काहीतरी तांत्रिक कारण सापडेलच. तुझ्या कार्यालयात कारणांचा दुष्काळ कधी पडला नाही.

राग पोचला असेल तर पोच दे.

तुझा
भाऊ

*

शनिवार, ता. १५

ताई,

‘प्रिय’ विसरून गाळलेलं नाही. ते लिहायचा हक्क मला आहे की नाही, हे पत्र वाचून झाल्यावर तू ठरव. बाकी घरी सगळे बरे आहेत. मी तितकासा नाही, पण ते तब्येतीचं नव्हे.

गुरुवारी दुपारी तुझा मेसेज आला. ‘नोंदी तुझ्या. सही तुझी. आई चुकते आहे की तू, एवढंच कळव.’ वाचल्यावर मी मोबाइल टेबलावर आपटला आणि मनातल्या मनात तुला बरंच काही म्हणालो, त्यातलं काही छापण्याजोगं होतं. मग पुन्हा वाचला. आठ वर्षांपूर्वी त्या स्टुलावर तू मला असेच प्रश्न विचारायचीस. हट्टी कुठे दिसला तुला?

मी चुकलो. आईचं एक अक्षरही चुकलेलं नाही.

आता कसं ते सांगतो, आणि या वेळी ‘समज’ न म्हणता.

आमच्या दाराशी फळा आहे, त्यावर प्रत्येक मुलाच्या फोटोचं कार्ड खिळ्याला टांगलेलं असतं. घरी जाताना मावशी सगळी कार्डं उलटी करतात. सकाळी आलेलं मूल आपलं कार्ड सरळ करतं. तुझीच कल्पना आणि चांगली कल्पना, मूल आपली हजेरी आपणच लावतं. चिमटी आजीकडे होती ते सहा दिवस तिचं कार्ड फौजदारने सरळ केलं. मी परवा तिला विचारलं. ती म्हणाली, ‘ती भिंतीकडे तोंड करून उभी होती. मग मी तिला सरळ केलं.’ शिक्षा झालेलं मूल भिंतीकडे तोंड करून उभं राहतं हे तिने कुठे पाहिलं देव जाणे, आमच्याकडे नाही. मैत्रिणीला शिक्षेतून सोडवलं, यात फौजदारचं काय चुकलं? तिने निदान उलटं कार्ड पाहून मैत्रिणीची आठवण तरी काढली. मला कार्ड सरळ दिसलं आणि मी पुढे गेलो.

बाकी बावीस मुलांत एक चावतो, दोघं पळून जातात, एक जण दर अर्ध्या तासाला कपडे काढतो. डोळे तिकडे असतात. चिमटी कुणाला चावत नाही. साडेबारानंतर मी तक्ता उघडायचो, फळ्यावर कार्ड सरळ, मग तिच्या चौकटी भरून शेऱ्याच्या ओळीत लिहायचो. पहिल्या दिवशी लिहिलं, ‘वाळूच्या कोपऱ्यात एकटी खेळली. शांत. प्रतिसाद नाही.’ दुसऱ्या दिवशी तेच कसं लिहायचं, म्हणून ‘शांत’च्या जागी ‘स्थिर’ घातलं. तिसऱ्या दिवशी ‘अंतर्मुख’. बाबांनी छडी हातात घेऊन घोकून घेतलेल्या शब्दसंपत्तीचा हा विनियोग त्यांच्या स्वप्नातही आला नसेल. चौथ्या दिवशी तर मी तिची प्रगती केली. ‘वाळूत अधिक वेळ रमली.’ हे वाक्य लिहून मला बरं वाटलं होतं, हेही तुला सांगून टाकतो. मुलगी त्या वेळी आजीच्या स्वयंपाकघरात होती.

तिच्या असण्यानसण्याने सहा दिवस मला काही फरक पडला नाही. हे वाक्य मी गेला आठवडा टाळत होतो.

आणि आता टाळलेलं दुसरं. बैठकीत ती ‘वीस तारीख’ म्हणाली त्याच क्षणी मी ते सहा दिवस मनात उलटून पाहिले, आणि त्यांत ती मला कुठेच आठवली नाही. शंका होती, खात्री नव्हती, असं म्हणून मी स्वतःला दोन दिवस खेळवू शकलो असतो. पण बैठकीच्या दुसऱ्याच दिवशी, शनिवारी सकाळी, मी मावशींना विचारलं, आणि त्या बादली खाली न ठेवताच म्हणाल्या,

‘नव्हतीच ना ती. तिचा रुमाल सहा दिवस कोराच टांगलेला होता.’

‘मग मला सांगितलं का नाहीत?’

‘आता बाई! तुम्ही वर्गात असता, मी मोरीत. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल.’ मग बादली खाली ठेवून, ‘काका, तुम्ही इतकं लिहिता त्यांचं, मग बघता कधी हो?’

त्यांनी हे टोमणा म्हणून विचारलं असतं तर मी काहीतरी चटपटीत बोललो असतो. पण त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

म्हणजे मंगळवारचं पत्र लिहिताना मला सगळं माहीत होतं. तीन दिवसांपासून माहीत होतं. तुझी मायेची भाषा कशी खुपली वगैरे जे लिहिलं ते खरंच आहे, एकही शब्द मागे घेत नाही. तुझ्या चौकटींवरचा रागही मागे घेत नाही. अडीच सेकंदांत कुणी मूल पाहू शकत नाही, हे तू कुठल्याही परिषदेत सांगून बघ. पण त्या रागाच्या आड मी स्वतः दडून बसलो होतो, आणि वर तुलाच सांगत होतो, काहीतरी तांत्रिक कारण शोध म्हणून. मी चौकटी भरू शकत नाही असं पहिल्या आठवड्यात तुला सांगू शकलो असतो. कोऱ्या ठेवू शकलो असतो. धाकट्या बाईंनी, शेजारच्या वर्गातल्या, तेच केलं आणि मोठ्या बाईंची बोलणी खाल्ली. मी त्यांना समजावलं, अहो, भरून टाकायचं काहीतरी. आदर्श वर्ग ना आमचा.

गुरुवारी शाळा सुटल्यावर मी लाँड्रीत गेलो. समोरचा काउंटर, मागे वाफ, दोऱ्यांवर चादरी, आणि प्रत्येक कपड्याला कापडी चिठ्ठीवर नंबर. ती इस्त्री करत होती. मला पाहून तिने हात थांबवला नाही.

‘पिशवी कुठाय?’ तिला वाटलं, कपडे आणलेत.

मी सांगितलं. उभ्यानेच, सगळं, कार्डापासून वाळूपर्यंत. मधे एक गिऱ्हाईक आलं, त्याचे शर्ट देऊन झाले, मी पुढे सांगितलं. ती ऐकत होती आणि एका पांढऱ्या कोटाची कॉलर पुन्हा पुन्हा दाबत होती.

‘तुम्ही तिथे होतात,’ ती म्हणाली.

‘हो.’

‘मॅडम मला म्हणाल्या, तापात गोंधळ झाला. तेव्हा तुम्ही तिथे बसला होतात.’

‘हो.’

‘मी घरी जाऊन आईला फोन केला. विचारलं, मी खरंच पोरीला आणून सोडलं होतं ना तुझ्याकडे? आई आधी हसली. मग घाबरली. म्हणाली, तुला काय होतंय?’ तिने इस्त्री उभी केली. ‘माझ्याकडे दिवसाला दोनशे कपडे येतात. एकाला चुकीचा नंबर लागला तर मालक मला चारचौघांत उभं करतो. दहा वर्षांत दोनदा चुकलेय. दोन्ही तारखा सांगू?’

मी माफी मागितली. ‘क्षमस्व’ नाही, ‘दिलगीर’ नाही, चुकलो असं म्हणालो.

‘मला कशाला सांगता? माझ्यावर कुठे लिहिलंत तुम्ही काही? जिच्यावर लिहिलंत तिला सांगा.’ आणि तिने पुढचा कपडा घेतला. मी अजून उभा आहे हे पाहून म्हणाली, ‘जा ना आता. वाफेने तुमचा चष्मा भरलाय, काही दिसत नसेल.’

ताई, तिने मला माफ केलेलं नाही, आणि करावं असं मला वाटतही नाही. पण तिचं म्हणणं बरोबर होतं, आणि ते मला सुचलं नव्हतं. आठ वर्षं मी मुलांबद्दल लिहितोय. लिहिलेलं त्यांना कधी वाचून दाखवलेलं नाही.

शुक्रवारी दूध पिऊन झाल्यावर चिमटी तिच्या नेहमीच्या जागी, मोरीशी, कप विसळत होती. मी शेजारच्या उलट्या बादलीवर बसलो. चार वर्षांच्या माणसाला हे कसं सांगायचं ते कुठल्याच अभ्यासक्रमात नाही, तुझ्याही नाही.

‘तू आजीकडे राहायला गेली होतीस ना,’ मी म्हणालो, ‘तेव्हा मी वहीत लिहिलं की तू इथेच होतीस.’

तिने कप उपडा ठेवला. दुसरा घेतला. मला वाटलं, झालं, चिमटा उघडणार आणि मिटणार.

‘इथे?’ ती म्हणाली.

‘हो.’

‘काय करत होते मी?’

मी तक्त्यांची वही आणली आणि वाचलं. ‘वाळूच्या कोपऱ्यात एकटी खेळली.’

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. तिला माझी कीव आली असावी.

‘वाळू नखात जाते,’ ती म्हणाली. ‘मी नाही वाळूत बसत. कधीच नाही.’

आठ महिने ती माझ्या वर्गात आहे.

‘दुसरं लिही,’ ती म्हणाली.

‘काय लिहू?’

पाणी वाहत होतं, मी नळ बंद करायचंही विसरलो. मग तिने सांगितलं, सावकाश, मला लिहायला वेळ मिळावा अशा बेताने. ‘लिही. मी नव्हते.’

मी तिच्यासमोर सहाही दिवसांच्या ओळी खोडल्या आणि प्रत्येक ओळीत लिहिलं, नव्हती. तिने मोजलं. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. मोठ्याने. तुझ्या तक्त्यात ‘एक ते पाच मोजते’ या चौकटीत मी सत्र सुरू झाल्यापासून फुली मारत आलोय.

त्या खोडलेल्या कागदाची प्रत सोबत जोडली आहे. दुसरा कागद माझ्या जबाबाचा आहे, समितीच्या नावे, सहीसकट. त्यात तीन गोष्टी आहेत. सहा दिवसांच्या नोंदी मी रचल्या. बाकीच्या चोवीस दिवसांतल्या मुलांच्या नोंदींपैकी कोणत्या पाहून आणि कोणत्या अंदाजाने लिहिल्या हे मला आता सांगता येत नाही, तेव्हा त्यातली एकही कुणा मुलाच्या विरुद्ध वापरू नये. आणि तिसरं, ही मुलगी बोलते. कुठे, कुणाशी आणि काय, ते मी शुक्रवारी दीड तास तिच्याजवळ बसून, ऐकलं तसं लिहिलं आहे. चार पानं झाली. ‘अंतर्मुख’ हा शब्द त्यात नाही.

याचा अर्थ काय होतो ते मला कळतं. खोट्या नोंदीला तुझ्याच नियमावलीत बडतर्फीचं कलम आहे, आणि ते कलम चांगलं आहे, ते माझ्यासाठी वाकवू नकोस. हिला मी सांगितलं. ती म्हणाली, ‘व्याकरणाच्या शिकवण्या मिळतील.’ मोठ्या बाई मात्र रडकुंडीला आल्या. ‘सर, त्या परिषदेत पडद्यावर दाखवलंय हो ते!’ म्हणजे तुझंही नुकसान आहे. दोनशे बालवाड्यांपुढे तक्त्यांचा नमुना म्हणून तू जो वर्ग दाखवलास, तो रचलेला निघाला. लोक तुला विचारतील. तुझा भाऊ आहे हेही कळेल, आणि तू ते सांगितलं नव्हतंस, या गोष्टीला आता सचोटी कुणी म्हणणार नाही. याचं मला वाईट वाटतं. जबाब मागे घेण्याइतकं वाटत नाही.

तुझ्याकडे एकच मागतो. मेहेरबानी म्हणून नाही. सोमवारी कागद तुझ्या हातात असेल. त्या आईला तू सांगितलं होतंस की तुझा गोंधळ झाला. ते तुला माहीत नव्हतं, मला माहीत होतं, हे खरं. पण ते वाक्य तुझ्या तोंडून गेलं, त्याच खोलीत, त्याच टेबलावर, मोठ्या बाई आणि टोपणवाल्या साहेबांच्या देखत. ते परतही तिथेच, त्यांच्याच देखत घ्यायला हवं. हळुवारपणे नको. ती ऐकून घेईल की नाही ठाऊक नाही. मला तिने घालवून दिलं.

तू जबाब वाचून दाखवलास तर उत्तम. तू नाही वाचलास तर मी वाचेन, आणि तेव्हा तू मधे बोलायला लागलीस तरी मी थांबणार नाही. क्रियापदापर्यंत जाईन.

सोमवारी साडेदहाला येतो. मुलगीही येणार आहे, आईला कामावरून परस्पर यावं लागलं तर मी तिला घेऊन यायचं, असं आईने काल निरोप पाठवून मला बजावलं आहे. विनंती नव्हती.

सहा दिवसांचं ते खोटं आणि आजचं हे खरं, दोन्ही ज्याच्या हाताचं आहे तो,
तुझा भाऊ